वडिलांच्या स्टुडिओच्या नावाने देणगी कशी द्यावी?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वडील अमळनेरला १९५६ ते १९९२ या काळात फोटो स्टुडिओ चालवत होते. गावच्या तेलाच्या कारखान्याचे, म्हणजे पुढे जिची विप्रो झाली त्या कंपनीचे, थोडे शेअर त्यांनी घेऊन ठेवले होते. त्यांतले काही विकून आलेले २५ लाख रुपये त्यांच्या नावाने छायाचित्रकलेसाठी द्यावेत असे माझ्या मनात आहे. दरवर्षी छायाचित्र स्पर्धा घ्यावी, जिल्हा परिषदेच्या शाळांना कॅमेरे द्यावेत, की वडिलांच्या नावाचे कलादालन बांधावे, हे ठरत नाही. पुण्याचा माझा मुलगा म्हणतो की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, हे पैसे दवाखान्याला दे. आमच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एक होतकरू मुलगा आहे; त्याला जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) काम करणाऱ्या बायकांची छायाचित्रे काढायची आहेत, पण लग्नसराईतून सवड मिळत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे वडिलांच्या सुमारे सहा हजार निगेटिव्ह माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. त्यांचे काय करावे? मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८.

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण अगदी शेवटी, जाता जाता विचारला आहे. निगेटिव्हच्या त्या पेटीविषयी मी सविस्तर लिहिणार आहे; पण आधी चिरंजीवांच्या आक्षेपाचे बघू, कारण तो मनात सलत राहिला तर पुढचे काहीच नीट होणार नाही.

दवाखान्याला दिलेला पैसा वाया जात नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु दान म्हणजे गावातल्या सर्व गरजांची यादी करून पहिल्या क्रमांकाच्या गरजेला पैसे देणे, असा हिशेब कोणीही करत नाही. ज्याला जे कळते, ज्याचे ऋण वाटते, तिकडे माणसाचा हात जातो. आपल्या घरात चूल पेटली ती छायाचित्रांवर, आणि आपल्याला त्या कामाची पारख आहे, म्हणून हे पैसे तिकडे जाणे योग्य आहे. खिशातल्या कॅमेऱ्याविषयी म्हणाल तर प्रत्येकाच्या खिशात पेनही होते, म्हणून मराठीचा तास कोणी बंद केला नाही.

शिवाय आपण अमळनेरच्या आहात. विचार करणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची सोय करून त्याला निवांत काम करू द्यावे, हा विचार आपल्या गावाला नवा नाही. श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तेव्हा नुसती इमारत बांधून ते थांबले नाहीत. देशभरातले अभ्यासक तेथे येऊन राहावेत, वाचावेत, लिहावेत आणि त्यांना महिन्याचा खर्च मिळावा, अशी व्यवस्था त्यांनी केली. त्याच मंदिरात तत्त्वज्ञान शिकण्यासाठी साने गुरुजी अमळनेरला आले आणि पुढे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. एका गिरणीमालकाने तत्त्वज्ञानासारख्या, कापसाच्या बाजारात कवडीची किंमत नसलेल्या विषयाला पैसा दिला आणि त्यातून गावाला काय मिळाले, हे मी आपल्याला सांगायला नको. आपली रक्कम त्या मानाने लहान आहे. पण पद्धत तीच वापरता येते, आणि माझा संपूर्ण सल्ला त्या पद्धतीचाच आहे. वस्तू, बक्षीस किंवा भिंत यांवर खर्च करण्याऐवजी एखाद्या माणसाचे वर्ष मोकळे करावे.

आता आपले तीन पर्याय घेतो.

स्पर्धेचा मोह मला समजतो, कारण तिच्यात सोय आहे. एक जाहिरात, एक परीक्षक मंडळ, एक समारंभ, आणि वर्षाचे काम उरकले. मी स्वतः अशा स्पर्धांचा परीक्षक म्हणून अनेकदा बसलो आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतला उधळलेला घोडा, मावळतीच्या उन्हात धूळ उडवत चाललेला मेंढ्यांचा कळप, विडीच्या धुरामागचा सुरकुतलेला चेहरा आणि सातपुड्यातल्या होळीत मोरपिसांचा टोप घालून नाचणारे तरुण, एवढे चार विषय वजा केले तर टेबलावर फारसे काही उरत नाही. ही छायाचित्रे वाईट नसतात. परंतु ती बक्षिसासाठी काढलेली असतात आणि बक्षीस कशाला मिळते हे सगळ्यांना पाठ झालेले असते. ज्याच्याजवळ आधीच चांगला कॅमेरा आणि फिरण्याची ऐपत आहे त्यालाच बहुधा ते मिळते, आणि पाच-दहा हजारांच्या त्या रकमेने त्याच्या पुढच्या कामात तिळमात्र फरक पडत नाही. अनेक स्पर्धांच्या नियमावलीत बारीक अक्षरांत एक कलम असते की आलेल्या सर्व छायाचित्रांवर आयोजकांचा हक्क राहील. कलेला मदत करण्याच्या नावाखाली कलाकाराचा माल फुकटात गोळा करण्याचा हा प्रकार आहे, आणि आपल्या वडिलांच्या नावाखाली तो होऊ नये.

शाळांना कॅमेरे देण्याविषयी मी जरा कटू अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन मित्रांनी वर्गणी काढून एका शाळेला चार डिजिटल कॅमेरे दिले होते. हार घातले, नारळ फुटला, वर्तमानपत्रात बातमी आली. दीड वर्षाने मी सहज चौकशीला गेलो, तेव्हा कॅमेरे लोखंडी कपाटात कुलूपबंद होते. हरवले किंवा फुटले तर भरून कोणी द्यायचे, या धास्तीने जडसंग्रह नोंदवहीत नोंद झाल्यापासून ते बाहेरच आले नव्हते. दोन कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या आतल्या आत फुगून अडकल्या होत्या आणि एका लेन्सवर बुरशीची पांढरी जाळी धरली होती. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. शिकवणारा माणूस दिला नाही आणि वस्तू दिली, ही चूक आमची होती.

कलादालनाबद्दल तीनच वाक्ये लिहितो. २५ लाखांत बांधकाम अर्धवट राहते, आणि पूर्ण झालेच तर वीज, झाडलोट, पहारेकरी आणि गळके छत यांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात उभा राहतो. खान्देशात रिकामी सभागृहे पुष्कळ आहेत. आपण भिंती भाड्याने घ्याव्यात.

मग पैसा कोठे घालावा? त्याचे उत्तर आपल्या गल्लीतच आहे.

त्या मुलाची अडचण आपण एका ओळीत सांगितली असली तरी ती नीट पाहण्यासारखी आहे. कापूस दिवाळीच्या आसपास जिनिंगला येऊ लागतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत काम जोरात चालते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईही त्याच वेळी सुरू होते. म्हणजे ज्या दिवसांत बायका कापसाच्या ढिगावर बसून कवडी, म्हणजे खराब कापूस, निवडत असतात, हवेत रुईचे तंतू तरंगत असतात आणि डोक्यावरच्या पदरापासून पापण्यांपर्यंत सारे पांढरे झालेले असते, नेमके त्याच दिवसांत या मुलाला हॉलच्या दाराशी वरातीची वाट पाहत उभे राहावे लागते. त्याच्याकडे कॅमेरा आहे, नजरही असेल; महिन्यातले दहा दिवस मोकळे नाहीत. नवा कॅमेरा घेऊन दिला तरी ते मिळत नाहीत. ज्या ऑर्डरी तो सोडील त्यांची भरपाई कोणी केली, तरच मिळतात.

जगात छायाचित्रकारांना मिळालेल्या ज्या अर्थसाहाय्यांतून खरोखर मोठे काम उभे राहिले, त्यांचे स्वरूप असेच होते. अमेरिकेत गुगेनहाइम प्रतिष्ठानाची अभ्यासवृत्ती १९३७ साली पहिल्यांदा एका छायाचित्रकाराला, एडवर्ड वेस्टनला, मिळाली. रक्कम दोन हजार डॉलर होती. त्यावर तो गाडी घेऊन निघाला आणि पुढल्या वर्षी तीच वृत्ती वाढवून मिळाली. १९५५ साली ती रॉबर्ट फ्रँक यांना मिळाली. त्यांनी देशभर फिरून साडेसातशेहून अधिक रोल संपवले आणि त्यांतून पुस्तकासाठी निवडली ती फक्त ८३ छायाचित्रे. हे प्रमाण देणगीदाराने लक्षात ठेवावे, कारण दर महिन्याला 'किती झाले?' असे विचारणाऱ्याला असे काम कधीच मिळत नाही. आपल्याकडचे जवळचे उदाहरण छायाचित्रकार दयानिता सिंग यांचे आहे. २०२२ साली त्यांना छायाचित्रकलेतला मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या सोबतीने वृत्तछायाचित्रणासाठी दोन लाख रुपयांचा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा तमिळनाडूच्या एम. पलनी कुमार यांना मिळाला. सफाई कामगारांचे जिणे हा पलनी कुमार यांच्या कामाचा विषय आहे, आणि ते त्या वस्त्यांतल्या मुलांना कॅमेरा शिकवतातही. दोन लाखांची रक्कम आपल्याला अशक्य नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. बंगळूरचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून कलाकारांना व संशोधकांना अनुदाने देत आहे आणि कोणत्याही भारतीय भाषेत लिहिलेला अर्ज स्वीकारते. त्यांच्या अर्जाचा नमुना मिळवून वाचा; आपल्या योजनेचा कागद तयार करताना उपयोगी पडेल, आणि त्या मुलाला पुढे मराठीतच अर्ज करता येईल.

आता हिशेबाकडे वळतो, कारण देणगीच्या बाबतीत भावनेपेक्षा येथेच जास्त चुका होतात. बहुतेकांप्रमाणे आपल्याही मनात रक्कम बँकेत कायम ठेवून व्याजावर योजना चालवण्याचा विचार असणार. सात टक्के धरले तर वर्षाला पावणेदोन लाख मिळतात. आकडा बरा दिसतो. पण महागाई दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेली, तर दहा वर्षांनी त्या पावणेदोन लाखांत आजच्या एक लाख सात हजारांएवढेच काम होईल. याउलट मुद्दल आणि व्याज दोन्ही दहा वर्षांत संपवायचे असे ठरवले, तर त्याच व्याजदराने दरवर्षी साडेतीन लाख रुपये हातात राहतात. 'कायमस्वरूपी' या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक आहे, परंतु माझे मत स्पष्ट आहे. दहा वर्षे भरघोस काम झाले आणि दहा छायाचित्रकार मार्गी लागले, तर ते शंभर वर्षे रडतखडत चालणाऱ्या पारितोषिकापेक्षा चांगले.

साडेतीन लाखांची वाटणी मी साधारण अशी करीन. छायाचित्रकाराला महिना पंधरा हजार याप्रमाणे आठ महिने, म्हणजे एक लाख वीस हजार. त्यांतले पाच महिने हंगामात छायाचित्रे काढण्यासाठी आणि तीन महिने निवड, छपाई व लेखनासाठी. प्रवास आणि किरकोळ दुरुस्ती यांना तीस हजार. शाळेत शिकवणाऱ्याला महिना नऊ हजार याप्रमाणे दहा महिन्यांचे नव्वद हजार आणि साहित्याला वीस हजार. छपाई आणि प्रदर्शन यांना पन्नास हजार. उरलेले चाळीस हजार त्या पेटीसाठी. प्रदर्शन जिनिंगच्या आवारात किंवा एस.टी. स्थानकाजवळच्या एखाद्या शाळेच्या ओसरीवर भरवावे, आणि ज्या बायकांची छायाचित्रे काढली त्यांना प्रत्येकी एक छापील प्रत हातात मिळावी, ही अट लेखी घालावी. ही अट मला सर्वांत प्रिय आहे. सातपुड्यात जाऊन माणसांचे चेहरे टिपून आणणारे शेकडो आहेत, परत जाऊन फोटो देणारे थोडे.

निवड समितीचे ओझे पहिल्या वर्षी घेऊ नका. अर्ज मागवू नका. त्या मुलाला बोलवा, त्याने आजवर लग्नाबाहेर काढलेली पन्नास छायाचित्रे पाहा, आणि काम पटले तर त्याच्यासोबत पहिले वर्ष चालवून बघा. दुसऱ्या वर्षापासून तीन जणांची समिती करा. तिच्यात एक जण खान्देशाबाहेरचा छायाचित्रकार असावा आणि नात्यातला कोणी नसावा. पहिल्या वर्षाचा करार मात्र पक्का करा. त्यात एक वाक्य हवेच की छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराचा राहील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. आपला तसा हेतू नसला तरी पुढे वारसांमध्ये घोळ होऊ शकतो.

पैसा देण्याच्या मार्गाविषयी सांगायचे तर वडिलांच्या नावाने नवा न्यास काढू नये, असे मी सुचवीन. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी, हे सारे वयाच्या ६८ व्या वर्षी अंगावर घेण्याचे कारण नाही. आधीपासून व्यवस्थित चालणारी एखादी शिक्षण संस्था किंवा वाचनालय निवडा आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. द्यायला कां-कूं केली तर दुसरी संस्था पाहा. सगळी रक्कम एकदम देऊ नका. आपण जर संस्थेला 'कॉर्पस' म्हणून लेखी सूचना देऊन रक्कम दिली, तर ती मुद्दल म्हणून अडकते आणि खर्चून टाकण्याचा आपला बेतच फसतो. तशी सूचना न देता २५ लाख एका वर्षात दिले, तर ते संस्थेचे त्या वर्षाचे उत्पन्न धरले जाते आणि त्याचा बहुतांश भाग वेळेत खर्च करण्याचे बंधन येते. म्हणून रक्कम आपल्या नावावर मुदत ठेवीत ठेवून दरवर्षी धनादेशाने द्या, तीन वर्षांची हमी पत्राने द्या आणि उरलेल्या रकमेची तरतूद मृत्युपत्रात करा. ठेवीच्या व्याजावर आपल्याला कर पडेल, तेवढी तूट हिशेबात धरा. देणगीवर आयकरात मिळणारी, ज्याला आपण 80जी म्हणतो ती वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरच्या रोख देणगीला किंवा वस्तुरूप देणगीला मिळत नाही. तेव्हा आणखी शेअर थेट देऊन टाकण्याचा विचार असेल तर आधी आपल्या सी.ए.ला विचारा.

आता शाळांबद्दल लिहितो, कारण तेथे आपण स्वतः उभ्या राहू शकता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे लिहिलेले आहे. कागदावरचा तो माणूस खेड्यातल्या किती शाळांत प्रत्यक्ष दिसतो, हे आपण नोकरीत असताना पाहिलेच असेल. मी चाळीसेक वर्षे चित्रकला शिकवली. माझ्या तासाला कितीदा गणिताचा जादा तास भरला याचा हिशेब मी ठेवला नाही, मनस्ताप नको म्हणून. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांमुळे निदान काही मुलांच्या हातात ब्रश येतो, पण पाहायला शिकवणे त्या परीक्षांच्या बाहेर राहते. आपल्या नव्वद हजारांतून ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेला आणि नोकरीच्या शोधात असलेला एखादा तरुण किंवा तरुणी दोन शाळांत आठवड्यातून दोन दिवस जाऊ शकते.

आणि तिला कॅमेऱ्याची गरज पडणार नाही. एका वर्गखोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावावा, एका कागदाला पेन्सिलीच्या जाडीचे भोक पाडावे आणि दार बंद करावे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचे कडुलिंबाचे झाड उलटे दिसू लागते, फांद्या खाली आणि बुंधा वर, आणि वारा आला की पानेसुद्धा हलतात. मी हा प्रयोग सातवीच्या वर्गासमोर पहिल्यांदा केला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून भिंतीजवळ गेली आणि तिने झाडाला हात लावून पाहिला. त्यानंतर सायनोटाइप करावा. १८४२ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने शोधलेली ही छायाचित्र छापण्याची रीत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे मिसळून मंद उजेडात कागदावर फासायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर कपाशीचे पान किंवा केळीच्या पानाचा तुकडा ठेवून वर काच ठेवायची आणि उन्हात न्यायचे. आपल्याकडच्या उन्हाला काही मिनिटे पुरतात. नंतर साध्या पाण्यात कागद धुतला की पानाची पांढरी आकृती गडद निळ्यावर उमटते. रसायने शिक्षिकेने हातमोजे घालून हाताळावीत, मुलांनी पान निवडावे. ज्या उन्हाला आपण आठ महिने शिव्या देतो ते येथे फुकट कामाला येते.

दृश्यकलेच्या शिक्षणाला दिलेला पैसा किती दूरवर जातो, याचा विचार करताना मला नेहमी अजिंठा आठवतो. जिल्हा वेगळा असला तरी जळगावहून ते आपल्या दाराशीच आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, आणि १८७२ पासून त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी त्या लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना घडले. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून हेच काम केले होते. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या. पण गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांची छायाचित्रे छापली गेली, १८६४ साली पुस्तकातही आली, आणि एकापेक्षा जास्त प्रती असल्यामुळे ती उरली. गिल यांना भुसावळला पुरले आहे.

हे सांगण्याचे कारण आपल्या माळ्यावर आहे. त्या सहा हजार निगेटिव्हची एकही दुसरी प्रत नाही, आणि त्यांच्यावर पत्रा तापतो आहे. त्या काळची फिल्म बहुधा ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणा यांनी ॲसिटेट कुजू लागते आणि त्याला चक्क व्हिनेगरचा आंबूस वास येतो. एका निगेटिव्हचा वास शेजारच्या निगेटिव्हलाही बिघडवतो. तेव्हा पेटी खाली उतरवून उघडल्यावर पहिल्यांदा नाकाने काम करा. वास येणाऱ्या पाकिटांचा गठ्ठा वेगळा ठेवा. उरलेल्या घरातल्या सर्वांत आतल्या, थंड खोलीत जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, डांबराच्या गोळ्या टाकू नका. सुती हातमोजे घाला आणि कडेलाच धरा. काचेच्या प्लेट निघाल्या तर आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवा.

एक गोष्ट विशेष सांगतो, कारण ती स्कॅन करणाऱ्या तरुण मुलांना ठाऊक नसते. स्टुडिओच्या जुन्या छायाचित्रकारांनी निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने रिटचिंग केलेले असते. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळेपणा, कपाळावरची आठी, हे सगळे निगेटिव्हच्या मंद बाजूवर शिशाच्या बारीक टिपक्यांनी भरून काढलेले असते. तिरप्या उजेडात धरले की ते टिपके चमकतात. ते आपल्या वडिलांच्या हाताचे काम आहे. कोणी 'डाग आहेत' म्हणून ओल्या कापसाने पुसायला निघाला तर त्याचा हात धरा.

स्कॅनिंगआधी नोंदवही शोधा. पाकिटावरचा क्रमांक आणि वहीतले नाव जुळले, तर छायाचित्राला माणूस मिळतो. नाहीतर सहा हजार अनोळखी चेहरे उरतात. सगळे एकदम स्कॅन करण्याच्या फंदात पडू नका. पहिल्या वर्षी तीनशे निवडा, त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, एक गावाबाहेर. त्यांचे प्रदर्शन भरवायचे झाले तर वर सांगितलेला कॉपीराइटचा नियम येथे उलट्या दिशेने लागतो, कारण हे फोटो गिऱ्हाइकांनी पैसे देऊन काढून घेतलेले होते. म्हणून कुटुंबांना विचारा, आणि विचारताना छायाचित्राची एक प्रत सोबत न्या. घरोघर काय गोष्टी बाहेर पडतील त्या ऐकण्यासाठी आपल्या त्या मुलाला बरोबर घ्या. जिनिंगच्या कामाआधीची त्याची तीच शिकवणी समजा.

चाळीसगावला स्टेशनसमोर केकी मूस यांचे घर आपण पाहिले नसेल तर याच महिन्यात पाहून या. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून अख्खी दृश्ये उभी करणारा हा छायाचित्रकार वर्षानुवर्षे त्या घराबाहेर क्वचितच पडला. १९८९ साली ते गेले, आणि त्यांचे काम आज पाहायला मिळते ते घर व संग्रह जपणाऱ्या माणसांमुळे. तेथे गेल्यावर छायाचित्रे तर पाहाच, शिवाय ती कशात ठेवली आहेत, कोणती खोली बंद असते, रोजचे काम कोण करते आणि त्याला महिन्याला काय मिळते, हेही विचारा. देणगीदाराला लागणारी माहिती तेथे मिळते.

आपण मूळ पत्रात लिहिले आहे की कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाआडून वडील लहान मुलांना अहिराणीत 'आठे देख, आठे' (इकडे बघ, इकडे) म्हणायचे. योजनेला नाव हवेच असेल तर तेच ठेवा. वडिलांचे नाव खाली बारीक अक्षरांत येऊ द्या. पण हे सगळे होळीनंतर. एप्रिलमध्ये अमळनेरचा पारा कोठे जातो ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र हाती पडताच गल्लीतल्या त्या मुलाला हाक मारा आणि दोघांनी मिळून पेटी खाली उतरवा.

आपला नम्र,
सदर-लेखक